झडती आणि पंचाची सही
(वार्षिक संमेलनातील भाषण)



उभा जन्म वकिलीत घालविलेल्या माणसाने ज्ञातीच्या संमेलनात कायद्याची पोथी उघडू नये, हे मला कळते. तथापि आपल्यापैकी कोणालाही केव्हा तरी पंच म्हणून बोलावणे येऊ शकते, म्हणून हा विषय.

चोरीचा माल वॉरंटाची वाट पाहात थांबत नाही. म्हणून विलंब परवडत नसेल तेव्हा तपासी अंमलदाराला वॉरंटावाचून झडती घेण्याचा अधिकार आहे, व तो असावयासच हवा. मात्र कारणे त्याने आधी लेखी नोंदवावयाची असतात. २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे ती ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे गेली पाहिजेत. वस्तीतले दोन तटस्थ, प्रतिष्ठित पंच हवेत. घरधन्याला हजर राहू द्यावे, जप्तीच्या यादीची प्रत त्याला द्यावी, स्त्रीची झडती स्त्रीनेच मर्यादा राखून घ्यावी. आता चित्रमुद्रणही सक्तीचे झाले आहे.

हे नियम मोडले तर? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली मॅप खटल्यात असा पुरावा राज्यांच्या न्यायालयांतूनही बाद ठरविला. आपल्याकडे १९७३ च्या पूरणमल निकालाप्रमाणे, काही विशेष कायद्यांतील अपवाद सोडता, केवळ झडती बेकायदा म्हणून पुरावा बाद होत नाही. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तरी तो नियम पुसला गेला नाही. अपराधी फटीतून निसटू नये हा त्यामागील हेतू मी त्याज्य मानीत नाही. पण मग घरधन्याच्या बाजूने पाहणारे डोळे उरतात ते त्या दोन पंचांचे!

येथे माझीच एक कबुली. सनद मिळण्यापूर्वी एका संध्याकाळी मला शेजारच्या आळीत पंच म्हणून नेले. झडती आटोपली होती. फौजदारसाहेबांनी चहा दिला, कागद पुढे केला; मी भिडेस्तव सही केली. पुढे उलटतपासणीत प्रश्न आला, ‘डबा कोणत्या खोलीत सापडला?’ मला त्या घराचे दारही ठाऊक नव्हते. आरोपी सुटला. तो चोर होता की निरपराध, हे मला आजतागायत कळलेले नाही.

तेव्हा बोलावणे आले तर जावे. लेखी हुकूम असता सबळ कारणावाचून नकार देणे हा गुन्हाच आहे. स्वतः आत शिरावे, वस्तू कोठून निघाली ते पाहावे, यादी वाचावी, मगच सही करावी. चहा त्यानंतर.