स्क्रीनशॉट दाखवा, आत जा?

आज जरा वेगळा विषय. जलतरण तलाव, बॅडमिंटन कोर्ट, टर्फ अशा ठिकाणी लोक पैसे न भरता आत कसे जातात, आणि ते थांबवायचं कसं? मी दिवसभर कोड लिहितो आणि संध्याकाळी पोहायला जातो, त्यामुळे गेटवर माझं लक्ष आपोआप स्कॅनरकडे जातं.

हल्ली फुकट शिरायला भिंत चढावी लागत नाही. एकाने पासचा क्यूआर कोड ग्रुपवर टाकला की चौघं आत. का? क्यूआर कोड म्हणजे फक्त चौकोनात मांडलेला मजकूर. जपानमध्ये डेन्सो वेव्हने तो १९९४ मध्ये आणला, गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला. तो माणूस ओळखत नाही. खरा पास आणि त्याचा स्क्रीनशॉट, स्कॅनरला दोन्ही सारखेच.

तुम्ही म्हणाल, चार जण फुकट पोहले तर काय बिघडलं? पैशाचं सोडा, तलावावर मुख्य प्रश्न आकड्याचा आहे. समजा बॅचला ४० तिकिटं गेली आणि पाण्यात ५२ जण आहेत. जीवरक्षक मात्र ४० जणांच्याच हिशेबाने ठेवलेत. बॅच संपल्यावर डोकी मोजायची, तर कशाशी ताडून बघणार? आणि गल्ला जुळला नाही की पहिला जाब गेटवरच्या काकांना.

मग उपाय काय? तीन गोष्टी सांगतो.

पहिली, एक कोड एकदाच. स्कॅन झाला की ‘वापरला’ अशी नोंद. दुसऱ्यांदा आला की लाल दिवा. गेट एकच असेल तर ही यादी स्कॅनरच्या फोनमध्येच ठेवता येते, नेट गेलं तरी काम चालू.

दुसरी, महिन्याच्या पाससाठी बदलता कोड. ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी नंबर बघितलाय ना, साधारण दर ३० सेकंदांनी बदलणारा? तेच तंत्र. तुमचा फोन आणि गेट, दोघांकडे एकच गुप्त किल्ली. ती आणि चालू वेळ यांवरून दोघंही आपापला आकडा काढतात. याचं प्रमाण २०११ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. अर्ध्या मिनिटात स्क्रीनशॉट शिळा. मित्राला फोनच दिला तर? म्हणून स्कॅन होताच काकांच्या स्क्रीनवर पासधारकाचा फोटो यायला हवा.

तिसरी गोष्ट यूपीआयची. ‘पेमेंट सक्सेसफुल’ची समोरच्याच्या फोनवरची हिरवी खूण हा पुरावा नव्हे, तसं चित्र कुणीही बनवतं. पैसे आले का, हे आपल्याच खात्यात बघायचं. दुकानातला बोलणारा स्पीकर याचसाठी असतो.

‘मग सरळ चेहरा स्कॅन करा की!’ असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. तलावावर निम्मी गर्दी शाळकरी पोरांची, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे. वीस-तीस रुपयांच्या तिकिटासाठी एवढा डेटा गोळा करायचा कशाला?

आणि हो, स्मार्टफोन नसलेल्या आजोबांना छापील फोटोपास मिळायलाच हवा. ज्याने पैसे भरलेत तो गेटवर अडकून पडला, तर आपली सिस्टीम नापास.

माझं म्हणणं एवढंच, पास असा बनवा की त्याची नक्कल चालणारच नाही. मग काकांना प्रत्येकाकडे संशयाने बघावं लागत नाही, आणि पाण्यात किती जण आहेत हे जीवरक्षकाला नक्की माहीत असतं.

तुमच्या टर्फवर किंवा तलावावर काय पद्धत आहे? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!