नमुना शहरात, ताप गावात

(किन्हवली येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



आवणीच्या दिवसांत शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत ताप येतो. तो हिवताप असेल, डेंग्यू असेल किंवा खाचरातल्या पाण्यातून लागलेला लेप्टोस्पायरोसिस असेल. पहिले दोन-तीन दिवस तिन्ही सारखेच दिसतात; उपचार मात्र निराळे. हिवतापाची झटपट चाचणी आता आशा कार्यकर्तीही करते. पण डेंग्यू व लेप्टो यांच्या खात्रीच्या निदानासाठी रक्ताचा नमुना पुढच्या प्रयोगशाळेत धाडावा लागतो. अहवाल येईपर्यंत ताप गावातच राहतो आणि मजुरी बुडते. म्हणून प्रयोगशाळा किती दूर, हा प्रश्न वैद्यकाइतकाच अर्थकारणाचाही आहे. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी; त्याच बाजूने बोलतो.

साथीच्या तपासणीची यंत्रणा साथ नसतानाही उभी ठेवावी लागते. तिच्या खर्चाचा परतावा सर्व समाजाला मिळतो, कोणा एकाच्या खिशात पडत नाही. म्हणून बाजार ती स्वतःहून सांभाळीत नाही. टंचाई आली की मात्र तो भाव लावतो. मार्च २०२० मध्ये खाजगी प्रयोगशाळांना कोरोनाच्या एका चाचणीसाठी ४,५०० रुपयांपर्यंत आकारण्याची मुभा मिळाली. २०२०-२१ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती. म्हणजे एक चाचणी एकोणीस दिवसांच्या घामाची! जूनपर्यंत चाचणीसंचांचा पुरवठा वाढला आणि राज्य सरकारने रुग्णालयातून घेतलेल्या नमुन्याचा कमाल दर २,२०० रुपयांवर आणला. आधीच्या दरात टंचाईचा वाटा किती होता, हे यावरून ताडता येते.

त्या साथीच्या आरंभी, जानेवारी २०२० मध्ये, देशात ही चाचणी केवळ पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत होत होती. ही संस्था १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून स्थापन झाली. सात दशके माणसे तेथे कीटकजन्य व अन्य विषाणूंवर काम करीत राहिली, म्हणून संकटाच्या पहिल्या दिवशी देशाला एक तरी जागा सापडली. जून २०२० अखेर प्रयोगशाळांची संख्या हजारावर गेली. हे घडले ते वैद्यकीय महाविद्यालयांतील विभाग आधीपासून होते म्हणून, आणि क्षयरोगाच्या तपासणीसाठी रोज चालणारी यंत्रे हाताशी होती म्हणून. भारतात विकसित झालेले ट्रूनॅट हे छोटे, बॅटरीवरही चालणारे यंत्र क्षयाच्या कामातलेच. तेच कोरोनासाठी वापरले गेले. रोजच्या कामात असलेले यंत्र आणि त्यावर हात बसलेला माणूस, हीच साथीची खरी तयारी होय.

याच्या उलट अनुभवही आपल्याच देशाचा आहे. हिवतापाचे रुग्ण १९६५ च्या सुमारास वर्षाला एक लाखावर आले होते. पुढे ते वाढत जाऊन १९७६ साली ६४ लाखांवर गेले. डास कीटकनाशकांना दाद देईनात, निधी अपुरा पडला, ही कारणे होतीच. पण रक्ताच्या काचपट्ट्या तपासणीवाचून साठत गेल्या, हेही त्यांतले एक कारण होते. अहवाल येईतो रुग्णाचे रक्त पिऊन डास पुढच्या घरी गेलेला असे. १९७७ च्या सुधारित योजनेत काचपट्ट्यांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत खाली आणण्यात आली. विकेंद्रीकरण हा आपण भाषणांत नेहमी वापरतो तो शब्द. येथे त्याचा अर्थ सूक्ष्मदर्शक आणि तो वापरणारा पगारी माणूस इतका साधा होता.

परदेशातील एक उदाहरण सांगतो. गिनी देशात डिसेंबर २०१३ मध्ये इबोला सुरू झाला. निदान झाले मार्च २०१४ मध्ये, तेही नमुने युरोपात गेल्यावर. तोवर रोग सीमांपलीकडे पोहोचू लागला होता. जुलै २०१४ मध्ये एक बाधित प्रवासी नायजेरियातील लागोसला उतरला. तेथील विद्यापीठ रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने काही दिवसांत रोग ओळखला, आणि पोलिओच्या मोहिमेत तयार झालेली माणसे संपर्कातल्यांचा शोध घेण्यास बाहेर पडली. एवढ्या अफाट शहरात रोग शिरूनही सबंध देशात २० रुग्ण आणि ८ मृत्यू यांवर साथ थांबली. नायजेरिया काही श्रीमंत देश नव्हे.

केंद्र सरकारने २०२१ साली ६४,१८० कोटी रुपयांची आरोग्य पायाभूत सुविधा योजना जाहीर केली. तीत जिल्ह्याजिल्ह्यांत एकात्मिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा अभिप्रेत आहेत. तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु इमारत व यंत्रे ही एकदाच खरेदी करण्याची वस्तू. तंत्रज्ञाचा पगार, रसायने, वीज आणि दुरुस्ती हा दरवर्षीचा खर्च. अंदाजपत्रकात पहिल्याचा गाजावाजा होतो आणि कात्री दुसऱ्याला लागते. कंत्राटी तंत्रज्ञ मुदत संपताच निघून गेला, तर यंत्रावर धूळच बसायची.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. तंत्रज्ञांची पदे कायम व भरलेली हवीत. रसायनांसाठी राखीव तरतूद हवी. प्रत्येक आरोग्य केंद्रातून रोज नमुना नेणारी आणि ठरलेल्या मुदतीत अहवाल आणणारी व्यवस्था हवी. या तालुक्यातील तानसा आणि भातसाचे पाणी मुंबईला बारा महिने न चुकता पोहोचते. तितकीच भरवशाची व्यवस्था रक्ताच्या चार थेंबांसाठी मागणे ही चैन खास नव्हे.

मोर्चा काढण्याआधी एक काम करा. येत्या पावसाळ्यात आपापल्या आरोग्य केंद्रात जा आणि रुग्णांची नावे न घेता दोनच तारखा विचारा: नमुना केव्हा गेला, अहवाल केव्हा आला? त्या वहीत टिपा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. या दोन तारखांमधले दिवस कमी करणे, हाच आपला कार्यक्रम.