ठरीव मजकुराचे बेणे



घोडनदीच्या आणि भीमेच्या काठचा शेतकरी सगळा ऊस कारखान्याला घालीत नाही. पुढच्या लागणीपुरते बेणे तो राखतो. शिरूर-दौंडकडच्या शाळांतून आणि ग्रामपंचायतींतून संगणकावर जे लिखाण चालते, त्यालाही असेच बेणे असते. त्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

शाळेला बोनाफाईड दाखला द्यावयाचा असतो. नाव, इयत्ता, जन्मतारीख बदलते. बाकी मजकूर तोच. तो दर वेळी कोण लिहीत बसणार? म्हणून वर्ड आणि लिब्रेऑफिस यांत ‘ऑटोटेक्स्ट’ची सोय आहे. मजकूर एकदा साठवून त्याला छोटे नाव द्यावे. पुढे ते नाव लिहून एफ-३ ची कळ दाबली, की सारा मजकूर उमटतो.

पण गोम अशी, की हा साठा आपल्या पत्रांच्या फायलींत नसतो. वर्डमध्ये तो सहसा ‘नॉर्मल’ नावाच्या एका वेगळ्या फाईलीत असतो, आणि तिचा कप्पा सहजी दिसत नाही. यंत्र दुरुस्तीला देताना आपण पत्रे, निकालपत्रके पेन ड्राइव्हवर घेतो. ही फाईल मागे राहते. यंत्र पुसून आले, की वर्ड मुकाट्याने नवी, कोरी ‘नॉर्मल’ तयार करतो. मग ऐन प्रवेशाच्या दिवसांत पालक दाराशी उभे आणि गुरुजी मजकूर आठवीत बसलेले! त्यात एखादा शब्द गळाला तर दाखला परत येतो, आणि हेलपाटा पडतो पोराच्या बापाला. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. जुनी यंत्रे बदलण्याआधीच हे काम उरकलेले बरे.

करावयाचे काय? वर्ड बंद करा. फायलींच्या खिडकीत वरच्या पत्त्याच्या पट्टीवर टक्क्याचे चिन्ह, इंग्रजीत ‘अ‍ॅपडेटा’, पुन्हा टक्क्याचे चिन्ह असे लागून लिहा आणि एंटर दाबा. आत ‘मायक्रोसॉफ्ट’, त्याच्या आत ‘टेम्प्लेट्स’. तेथली ‘नॉर्मल’ पेन ड्राइव्हवर उतरवा. लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांनी तेही बंद करून त्याच वाटेने ‘लिब्रेऑफिस’, ‘४’, ‘युजर’ असे जावे आणि ‘ऑटोटेक्स्ट’ हा सबंध कप्पा उचलावा.

परत बसवतानाही वर्ड बंद हवा. नव्या यंत्रावरची ‘नॉर्मल’ पुसू नका, नुसते तिचे नाव बदला. तिच्यात कोणी नवे काही साठवले असेल. मग जुनी प्रत तिच्या जागी ठेवा आणि एक दाखला उमटवून पाहा. उगवण पाहिल्याखेरीज बियाण्याचा भरवसा कोण धरतो?

आणखी एक. हा साठा ज्याच्या नावाने यंत्र उघडते, त्याच्यापुरताच असतो. म्हणून बदली झाली, की दप्तराबरोबर ही प्रतही सोपवावी. आणि सगळ्या ठरीव मजकुरांचा एक छापील कागद कपाटात असू द्यावा. वीज गेली तरी तो वाचता येतो.