तांबट आळीचे कान



कसब्यातील तांबट आळीत तांब्याची भांडी मठारताना ठोक्याशेजारी बसलेल्या कारागिराचा कान हळूहळू जातो. गोंगाटाने येणारे बहिरेपण हा धंद्याचा रोग आहे, हे १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातही नमूद होते. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के आणि त्यावर साऱ्या कुटुंबाला औषधोपचार, योजना चांगलीच! पण १० माणसांच्या आत ती सहसा सक्तीची नाही. आमच्या तांबटाकडे १० माणसे कुठून येणार? बापलेक आणि एखादा गडी, संपले! विम्याचे दवाखाने सुधारा, असे आम्ही म्हणतोच. परंतु आधी या माणसाचे नाव पटावर घ्या आणि वर्षातून एकदा त्याचे कान तपासा. जिथे मालकच नाही, तिथे मालकाचा वाटा सरकारने भरावा, एवढीच आमची मागणी आहे.