बदामीहून बँकेपर्यंत

आम्ही दोघी मंगळवेढ्याजवळच्या एका गावातल्या, एकाच बचत गटातल्या. आमच्यात एक थोरली, वय 52, आणि एक धाकटी, वय 43. सख्ख्या बहिणी नाही, जावाही नाही. भिंतीला भिंत लागून घरं आहेत, एवढंच नातं. धाकटी थोरलीला अक्का म्हणते.

गौरी-गणपती झाले, ज्वारीच्या पेरणीला पंधरा दिवस अवकाश होता, तेव्हा आम्ही पाठीला सॅक लावून नऊ दिवस फिरून आलो. सॅक पोरांच्या कॉलेजच्या. आत दोन-दोन साड्या, एकेक ड्रेस, चादर, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. गावातून निघताना पारावरच्या माणसांनी विचारलंच, "काय, शाळेत नाव घातलं का?" म्हटलं, होय.

तेव्हापासून भेटेल ती बाई हंपीचंच विचारते. हंपीचं आम्ही कितीदाही सांगू. तिथल्या विठ्ठल मंदिरातला गाभारा रिकामा आहे. आपला विठोबा तिकडे नेला होता आणि भानुदास महाराजांनी तो पंढरीला परत आणला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या रिकाम्या जागेपुढं थोरली बराच वेळ उभी राहिली होती. पण आज सांगायचे आहेत ते शेवटचे तीन दिवस. आधीचे सहा दिवस आम्ही फिरलो, शेवटचे तीन दिवस नुसत्या पळालो.

बुधवारी आम्ही बदामीत होतो. सकाळी बनशंकरीला गेलो. आपल्याकडच्या कितीतरी घरांची ती कुलदेवी. देवळाबाहेर बायका टोपल्या घेऊन बसतात. ज्वारीची पातळ भाकरी, भरलेलं वांगं, शेंगाचटणी, दही. आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून आम्ही जरा तोऱ्यात होतो. पहिला घास घेतला आणि तोरा उतरला. भाकरी इतकी पातळ की हात दिसावा. थोरलीचं माहेर उमदीकडचं, तिला कानडी येतं. ती त्या बाईशी पिठाच्या उकळीवर अर्धा तास बोलत बसली.

संध्याकाळी लेण्यांवरून उतरून तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो होतो, तेव्हा गावाकडून फोन आला. गटातल्या एका बाईच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. 18 हजार भरायला शनिवारपर्यंत मुदत. पैसे गटाच्या खात्यात पडून होते. पण आमच्या खात्यावर तिघींपैकी दोघींच्या सह्या लागतात, आणि त्या तिघींतल्या दोघी म्हणजे आम्ही, बदामीच्या तळ्यावर पाय सोडून बसलेल्या. शनिवार चौथा, म्हणजे बँक बंद. शुक्रवारी व्यवहार झाला नाही तर त्या माउलीला शेकडा पाच रुपये महिन्यानं सावकाराकडून पैसे उचलावे लागणार होते. ती फोनवर म्हणाली, "तुम्ही फिरा, मी बघते काहीतरी." ती रडली असती तरी बरं वाटलं असतं.

निघण्याआधी आम्ही सगळं तपासलं होतं. आधार कार्ड, गोळ्या, दोन ठिकाणी वाटून ठेवलेले पैसे, फोनचा चार्जर. सह्यांचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. सात वर्षं गट चालवणाऱ्या बायका आम्ही!

आमचं ठरलेलं असं होतं: गुरुवारी पट्टदकल आणि ऐहोळे, शुक्रवारी विजापूर, शनिवारी घर. धाकटी म्हणाली, आत्ताच निघू. थोरली म्हणाली, शुक्रवारी दुपारपर्यंत पोचलं म्हणजे झालं, पट्टदकल सोडायचं नाही. शेवटी ऐहोळे सोडलं आणि गुरुवारी पहाटे पट्टदकलची गाडी धरली.

पट्टदकल बदामीपासून साधारण 22 किलोमीटर, मलप्रभा नदीच्या काठी. जागतिक वारशात 1987 पासून आहे. तिथं दोन मोठी देवळं शेजारी-शेजारी उभी आहेत. चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य कांचीच्या पल्लवांना जिंकून आला, त्या विजयासाठी ती बांधली आठव्या शतकात. बांधली कुणी? त्याच्या राण्यांनी. थोरली राणी लोकमहादेवी, तिचं देऊळ म्हणजे आजचं विरूपाक्ष. धाकटी त्रैलोक्यमहादेवी, तिचं मल्लिकार्जुन. दोघी सख्ख्या बहिणी, आणि एकमेकींच्या सवतीही. वेरूळच्या कैलास लेण्यावर विरूपाक्षाची छाप आहे म्हणतात. आम्ही कैलास लेणं सहलीत पाहिलं होतं, पण त्यामागं एका बाईनं बांधवलेलं देऊळ असेल हे कुणी सांगितलं नव्हतं.

अशा ठिकाणी थोरलीचा पाय निघेना. धाकटीचा डोळा घड्याळावर. शेवटी त्या दोन बहिणींच्या देवळांमधल्या हिरवळीवर आमचं जुंपलं.

"अक्का, पोरीचं वर्ष गेलं तर ही देवळं येणार आहेत का फी भरायला?"

"जन्मात एकदा घराबाहेर पडले, तेही तुला बघवेना होय?"

आजूबाजूला शाळेची पोरं होती. ती आमच्याकडंच बघत होती.

परतीच्या वडापात आम्ही बोललो नाही. लॉजवर सॅक भरताना बोललो नाही. विजापूरला जाणारी गाडी दुपारची होती आणि आमच्या हातात वेळ होता, असं आम्हाला वाटलं. मैत्रिणींनो, बदामीचं रेल्वे स्टेशन गावात नाही, पाचएक किलोमीटर लांब आहे. आलो तेव्हा ते लक्षात राहायला हवं होतं. पण थोरलीला वाटलं धाकटीनं रिक्षा सांगितली, आणि धाकटीला वाटलं थोरलीनं. बोलणंच बंद, तर विचारणार कोण? फलाटावर पोचलो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा दिसला.

मग एसटी. बागलकोटला बदली, तिथून विजापूर, अर्धी वाट उभ्यानं. तिकडच्या बायका आधार कार्ड दाखवून शून्याचं तिकीट घेत होत्या. आम्ही आमचं दाखवलं. कंडक्टरनं महाराष्ट्राचा पत्ता वाचला, हसला आणि पूर्ण पैसे घेतले. बरोबरच आहे, ती सवलत कर्नाटकातल्या रहिवासी बायकांची. आपल्या एसटीत मात्र मार्च 2023 पासून कुठल्याही बाईला अर्धं तिकीट आहे, पण तेही राज्याच्या हद्दीपर्यंतच. खर्चाचा अंदाज बांधताना हे धरा. आम्ही येताना-जाताना अर्धंच धरलं होतं.

कोल्हारला कृष्णेचा लांबलचक पूल लागतो. तिथं मडक्यातलं दही चांगलं मिळतं. धाकटीनं एकच मडकं घेतलं आणि न बोलता थोरलीच्या मांडीवर ठेवलं. थोरलीनं अर्धं खाऊन परत दिलं. बोलणं तरीही नाही.

विजापुरात रात्रीचे साडेनऊ. पहिल्या लॉजवाल्यानं विचारलं, "बरोबर पुरुष कोण आहे?" थोरलीनं कानडीत असं काही उत्तर दिलं की ते इथं सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या लॉजवर खोली मिळाली.

मंगळवेढ्यावरून पंढरपूरला जाणारी बस सकाळी साडेआठला होती. थोरलीनं चौथीच्या वयात कुठल्याशा पुस्तकात गोलघुमटाचं चित्र पाहिलेलं. ती काही बोलली नाही, पण पहाटे पाचला तिची सॅक भरून तयार होती. धाकटीनं ते पाहिलं आणि स्वतःच रिक्षा थांबवली.

गोलघुमट म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर, 1656 सालची. वरचा घुमट बाहेरून 44 मीटर रुंद, आणि आत आधाराला एक खांब नाही. कोपऱ्यातल्या मनोऱ्यांतून अरुंद जिने वर जातात, गुडघ्यांची परीक्षाच. वर घुमटाच्या आतून गोल सज्जा आहे. या टोकाला भिंतीशी कुजबुजलं की पार समोरच्या टोकाला कानात बोलल्यासारखं ऐकू येतं. गर्दी झाली की नुसता कल्लोळ होतो, म्हणून सकाळीच जावं. आम्ही गेलो तेव्हा वर चार-पाच माणसं होती. थोरली एका बाजूला बसली, धाकटी समोरच्या बाजूला.

बराच वेळ काही नाही. मग भिंतीतून आवाज आला.

"अक्का, पैसे किती उरले?"

"साडेचारशे."

"पुरतील?"

"पुरवू."

थोडं थांबून थोरली म्हणाली, "काल माझंच चुकलं." समोरून उत्तर आलं, "माझंही. आता ऊठ, बस चुकेल."

बस मिळाली. उमदीच्या अलीकडं टायर बसला. स्टेपनी होती, पान्हा नव्हता. पाऊण तास वाट पाहिली, मग टमटमनं उमदी गाठली आणि तिथून आपली एसटी. अर्धं तिकीट काढताना इतका आनंद आम्हाला कधी झाला नव्हता. मंगळवेढ्याच्या बँकेत शिरलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. अंगावर तीन दिवसांची धूळ, पाठीवर सॅक. गटातल्या बाकीच्या दोघी ठरावाची वही आणि पासबुक घेऊन सकाळपासून बाकावर बसल्या होत्या. थोरलीचा हात थरथरत होता, तिची पहिली सही जुळली नाही. दुसरी जुळली. पैसे मुलीच्या आईच्या खात्यावर वळते झाले आणि संध्याकाळी फी भरली गेली.

पुढच्या बैठकीत आम्ही ठराव लिहिला: सह्या असलेल्या तिघींपैकी दोघी एकाच वेळी गावाबाहेर जाणार असतील तर आधी बैठकीत सांगायचं आणि कुणाला पैशांची गरज आहे का ते विचारायचं. ठरावावर पहिल्या सह्या आमच्याच.

ऐहोळे राहिलंच. त्यासाठी आम्ही दोघींनी महिना दोनशे वेगळे टाकायला सुरुवात केली आहे. या खेपेला गटातल्या आणखी दोघी येणार म्हणतात. त्यांच्यापैकी एक जण त्या मुलीची आई आहे, आणि तिनं आत्ताच बजावलंय की स्टेशन गावापासून किती लांब आहे ते ती स्वतः विचारणार. रामराम मंडळी.