मुलाची गैरहजेरी : जबाबदारी कोणाची?



हजेरीपटावर नाव आहे, पण मूल वर्गात नाही. अशा वेळी जाब कोणाला विचारावा, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. नामदार गोखले यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. राजर्षी शाहू छत्रपतींनी मात्र १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठेवला. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात १९१८ चा कायदा झाला. त्यामुळे आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला. वांद्रे येथे त्या काळी स्वतंत्र नगरपालिका होती.

या जुन्या व्यवस्थेत दंडाचा धाक पालकालाच होता. परंतु रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाचा दंड अखेर मुलाच्याच ताटातून वसूल होतो.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने दृष्टी बदलली. मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य कलम १० मध्ये सांगितले आहे. मात्र त्यासाठी शिक्षा ठेवलेली नाही. ६ ते १४ वर्षांच्या मुलांची उपस्थिती व शिक्षणाची पूर्तता यांची खातरजमा करण्याचा भार शासन व स्थानिक प्राधिकरण यांवर टाकला आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देणे हेही त्यांचेच काम आहे. वांद्र्यात हे दायित्व महानगरपालिकेकडे येते, खेड्यात पंचायत राज्य संस्थांकडे.

याचा अर्थ पालक मोकळे सुटले असा नव्हे. मुलाला बेकायदा कामाला लावल्यास २०१६ च्या सुधारणेनुसार पहिल्या वेळी पालकांना शिक्षा नाही. पुन्हा तसे घडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आईवडील विभक्त होतात तेव्हा मुलाच्या ताब्याचा प्रश्न वांद्रे-कुर्ला संकुलातील कुटुंब न्यायालयापुढे येतो. तेथे मुलाचे हित हाच मुख्य निकष असतो आणि त्याचे शिक्षण हा त्या हिताचाच भाग आहे.

तथापि, धाकटे भावंड सांभाळण्यासाठी घरी थांबलेली मुलगी किंवा बांधकामाबरोबर जागा बदलणारे मूल न्यायालयाच्या हुकुमाने वर्गात येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. गैरहजेरी दिसताच त्यांनी व शिक्षकांनी त्या घरी जाऊन कारण समजून घ्यावे, आणि ते दूर करण्यासाठी अधिकारी व पंचायत सदस्यांनी आपला अधिकार वापरावा. एवढे झाले, तर पुष्कळ प्रकरणे न्यायालयापर्यंत जाणारच नाहीत.