दप्तरात दाखल झालेल्या बायका

पेशवे दप्तरातल्या मोडी कागदांत सामान्य घरची बाई सहसा एकाच निमित्ताने येते. तिच्या हातून ‘बदअमल’ म्हणजे व्यभिचार घडल्याची तक्रार सरकारात पोचलेली असते. मग नाव, जात, गाव आणि शिक्षा एवढे लिहून कारकून मोकळा होतो. शिक्षा म्हणजे किल्ल्यावरची कैद, नाहीतर कुणबीण म्हणजे दासी होऊन सरकारी कोठीत किंवा पागेत राबणे. पुरुष बरेचदा दंड भरून सुटे. ती बाई त्या वाटेला का गेली, हे कागदात नसते आणि विचारलेलेही नसते. महाराष्ट्रातल्या स्त्रीदेहाचा लेखी इतिहास बराचसा असा आहे. तो हरवलेला नाही. तो न्याय, तुरुंग, आरोग्य, संगीत अशा भलत्याच शीर्षकांखाली बांधून ठेवलेला आहे, आणि सुधारणेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्या बासनांतून सुधारक तेवढे उचलले आहेत.

इंग्रजी अमलात कागद वाढले, नजर फारशी बदलली नाही. १८६८च्या सांसर्गिक रोग कायद्याने वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची वैद्यकीय तपासणी आणली. रोगाची काळजी होती ती गोऱ्या शिपायांसाठी, तपासणी मात्र फक्त बायकांची. हा कायदा १८८८ साली रद्द झाला.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात १८६३ साली काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाची माहिती शालेय पुस्तकांतही असते. त्यामागची काशीबाई मात्र तिथे नसते. ही ब्राह्मण विधवा जोतीरावांचे मित्र गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले, मूल झाले, ते तिने मारून विहिरीत टाकले आणि जन्मठेपेवर तिची अंदमानात रवानगी झाली. ही हकीकत जोतीरावांनीच समाजसुधारक मलबारींच्या बालविवाह आणि वैधव्य यांवरच्या टिपणांवर १८८४ साली दिलेल्या अभिप्रायात सांगितली आहे. गृहात तोवर पस्तीस विधवा बाळंत झाल्या आणि त्यांची पाच मुले हयात आहेत, असा आकडाही त्यांनी दिला. पस्तिसांतली पाच. या आकड्याकडे पाहिले की दिवस गेलेल्या विधवेची आणि तिच्या मुलाची कशी दैना होत असेल, याचा अंदाज येतो. शास्त्र्याला काही शिक्षा झाल्याचे त्या हकिकतीत नाही.

१८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेवर असाच खटला झाला. आधी फाशी, मग अपिलात काळे पाणी, अखेर पाच वर्षे अशी तिची शिक्षा खाली आली. वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर तोंडसुख घेतले. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. विधवेला फसवणारा कोण आणि फासावर कोण, हा त्यांचा रोकडा प्रश्न होता. तो परंपरेला होता तसाच कोट-बूट घातलेल्या सुधारकांनाही होता. जोतीरावांनी ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेत ताराबाईंची बाजू घेतली. पुढे जवळजवळ शतकभर हे पुस्तक कोणाच्या वाचनात नव्हते. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापले. ताराबाईंचे दुसरे पुस्तक नाही. एवढ्या धारेची लेखणी एका पुस्तकावर थांबते, हे मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांना पुरेसे खटकलेले दिसत नाही.

रखमाबाईंचा खटला त्या मानाने गाजलेला, आणि म्हणूनच नीट वाचला न गेलेला. लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या, दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचे. त्या सासरी गेल्याच नाहीत. १८८४ साली दादाजींनी बायको ताब्यात मिळावी म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ साली तो फेटाळला. तरुण बाईला तिच्या मनाविरुद्ध अशा माणसाच्या घरी पाठवणे त्यांना रानटीपणाचे वाटले. अपिलात निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. टिळकांच्या पक्षाला हा धर्मबुडवेपणा वाटला, कारण चार अक्षरे शिकलेली बाई अशी वागली तर उद्या घरोघर तेच होईल. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. बाई नेमके काय नाकारत होती, हे त्या सगळ्या गदारोळात स्पष्ट उच्चारणारे थोडेच होते. तिचा नकार होता शरीरसंबंधाला. बालपणी लागलेल्या लग्नाला आपली संमती नव्हती, तेव्हा देहावरचा हक्कही त्यातून निघत नाही, हे म्हणणे त्या काळात कोणत्याही सुधारणा-ठरावाच्या पुढचे होते. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने तरी काय केले? मर्यादा दहावरून बारावर नेली, एवढेच. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला त्यांनी आयुष्यभर बायकांवर उपचार केले. त्यांच्यावर चाललेला दावा वैवाहिक हक्क मिळवण्याच्या ज्या तरतुदीचा होता, ती १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात कलम नऊ म्हणून आहे. आंध्र प्रदेश हायकोर्टाने ती १९८३ साली घटनाबाह्य ठरवली. सुप्रीम कोर्टाने पुढच्याच वर्षी वैध ठरवली.

लग्नाच्या चौकटीबाहेरच्या बायकांची नोंद संगीताच्या इतिहासाने ठेवली, पण अर्धी. घराणे, गुरू, तालीम यांचे तपशील बारकाईने दिले जातात. गोमंतकातल्या कलावंत समाजातली आई आणि तिचा यजमान म्हणजे आश्रयदाता यांच्यापाशी चरित्रकाराची शाई वाळते. केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानातून अंतराळात गेली, हे अभिमानाने सांगितले जाते. त्या भैरवीमागे देवळाशी बांधलेल्या बायकांच्या कैक पिढ्या होत्या, हे सांगताना आवाज खाली येतो. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ साली झाला. जेजुरीच्या खंडोबाला वाहिलेल्या मुरळीला तर कलावंतिणीएवढाही सन्मान मिळालेला नाही. तिचे गाणे लोककला म्हणून जमा झाले आणि तिचे आयुष्य कुप्रथा म्हणून.

विसाव्या शतकात लैंगिकतेचा विषय उघड मांडला तो एका गणिताच्या प्राध्यापकाने. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, त्यापायी नोकरी सोडली, आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९५३ सालच्या आपल्या मृत्यूपर्यंत चालवले. मासिकाचा जीव होता वाचकांच्या प्रश्नोत्तरांत. व्यभिचारावरच्या लेखासाठी १९३१ साली त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ सालच्या खटल्याचे मूळ तर हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांवरच्या वाचकांच्या शंकाच होत्या. बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोक प्रश्न विचारतात तर उत्तर देणे हा गुन्हा कसा, असा त्यांचा मुद्दा होता. कर्वे खटला हरले, दंड दोनशे रुपये. घर चालत होते ते पत्नी मालतीबाईंच्या पगारावर. समाजस्वास्थ्याचे श्रेय वाटताना त्यांचे नाव कंसात टाकण्याची रीत आता सोडायला हरकत नाही.

या काळात नावे लपवण्याची गरज कोणाला पडली, तेही पाहण्यासारखे आहे. रखमाबाईंनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रे लिहिली ती ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने. प्रौढ कुमारिकांच्या कामनेविषयी ‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये १९३३ साली लिहिणारी बाई ‘विभावरी शिरूरकर’ झाली. त्या बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर, हे कळायला वेळ लागला. उलट ‘समाजस्वास्थ्य’मधली ‘शारदा’ रोखठोक पत्रे लिहीत असे. ती होती खुद्द रघुनाथराव. धीट बाईचा आवाज पुरुषाला निर्धास्त उसना घेता येत होता, बाईला स्वतःच्या नावाने काढता येत नव्हता.

इतिहास परिषदेने हाती घ्यावे असे काम यातून सरळ निघते. पेशवे दप्तरातले बदअमलाचे कागद बाईच्या नावानिशी सूचीबद्ध व्हायला हवेत. सत्र न्यायालयांतले बालहत्येचे खटले, वेश्यांच्या तपासणीसाठीच्या लॉक हॉस्पिटलांचे अहवाल आणि ‘समाजस्वास्थ्य’मधली प्रश्नोत्तरे एकमेकांशेजारी ठेवून वाचायला हवीत. मोडी वाचणारे विद्यार्थी आणि खटल्यांचे इंग्रजी वाचणारे विद्यार्थी सध्या वेगवेगळ्या विभागांत बसतात. त्यांना एका प्रकल्पावर आणणे पहिल्या वर्षी जमण्यासारखे आहे.